दवाखान्यापरीस घर बरं

२८ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ६

दवाखान्यासमोरच्या दुकानातनं दोनशे पानी वही घेतली. अर्ज लिवायचाय. अर्जाला चार पानं लागतील, लई झाली तर पाच. उरलेली फेकायची काय? म्हणून रोजचं लिवत जाणार. कुणाला दावायला न्हाय. माझं मला.

आज माझी बायको तानी वॉर्डात चार तास ओली पडलीती. बाराला मी जेवाय भाईर गेलतो. चारला आलो तर चादर ओली, गाऊन ओला, आणि तानी डाव्या हातानं खाटंची दांडी वाजवतीया. उजवी बाजू लकव्यानं गेलीया, तोंडातनं शब्द न्हाय. दांडीच वाजवणार की. शेजारच्या खाटंवरची बाई म्हणली, तुमी गेल्यापास्नं वाजवत्यात ओ.

मला जेवाय चार तास का लागलं ह्यो प्रश्न येगळा. वाटंत तालमीचा विजयसिंह वस्ताद भेटला.

सिस्टर पळत आली. संयोगिता नाव. बत्तीस पेशंटला एकटीच हाय, जोडीची रजेवर, कोपऱ्यातल्या म्हातारीला झटका आला तितं अडकले, म्हणली. पण चूक माझीच, म्हणली. आणि माफी मागितली कुणाची? तानीची. हात हातात धरून. आजी, चुकलं माझं. मी हितं खांबागत उभा, माझ्याकडं बघितलंबी न्हाय.

मग मी बोललो. तालमीतला आवाज हाय. तिसऱ्या मजल्यापतोर गेला म्हणं. कोपऱ्यातल्या म्हातारीला परत झटका आला, पण त्यो येणारच हुता.

३० जानेवारी, गुरुवार

अर्ज दिला. शिक्का घेतला. मी सातवी नापास, पण वस्तादानं वाचला आणि म्हणला, बाळासो, वकील व्हायचा तू, उगं मालीशवाला झालास गा.

नर्सची जबाबदारी काय असती ह्ये स्वच्छ लिवलंय. पेशंट ओला झाला की त्याच मिंटाला कोरडा करायचा. हाक आली की हातातलं टाकून जायचं. पाणी आपण हून इचारायचं, त्यो मागंल म्हणून थांबायचं न्हाय. आणि बत्तीस पेशंट हायत ह्ये कारण आमाला सांगायचं न्हाय. तालमीत माझ्या हाताखाली दिवसाला चाळीस चाळीस पैलवान मालीशीला असायचं. एकबी तसाच उठून गेला न्हाय. अडतीस वर्सं.

शेवटी लिवलं, ज्यास्नी माणसांचं जमत न्हाय त्यांनी म्हसरं राखावीत. वस्ताद म्हणला ह्ये खोड. मी खाली रेघ मारली.

२ फेब्रुवारी, रविवार

तानीला घरी आणली.

निघताना त्याच सिस्टरनं मला उभं करून शिकवणी घेतली. दर दोन तासानं कूस बदला. गुडघ्यात उशी ठेवा. पाणी चमच्यानं, बसवून. रोज पाठ बघा. माकडहाडापाशी लाल दिसलं तर चोळू नका, त्या बाजूला निजवू नका, आमाला फोन करा.

चोळू नका! मला सांगती! हिच्या वयाएवढी वर्सं मी मांड्या चोळल्यात. मी खिडकीतनं भाईर बघत हुतो. जिच्यावर अर्ज टाकलाय तिच्याकडनं शिकायचं व्हय? एका कागदावर सही मागितली. वाचायला चष्मा न्हवता. केली.

लेक अनुजा शिरोळहून आलती. सिस्टरनं सांगितल्यालं सगळं मोठ्या अक्षरात लिवून तिनं कपाटावर चिकटवलं. म्हणली, आबा, एक बाई ठेवूया, दिवसभराची. मी म्हटलं, परकी बाई घरात फिरायची न्हाय. मी मेलोय काय? तिच्या फडात ऊसतोडीची टोळी आल्याली, कारखान्याची गाडी लागल्याली. सांजच्याला गेली. जाताना आईच्या उशाशी लई येळ बसली. फुकाट रडारड. तानीलाबी रडवलं.

आता दवाखाना काय करतोय आणि बाळासो काय करतोय ह्ये दिसंल. पाडवा तीस मार्चला. पाडव्याला तानी आपल्या पायानं उंबऱ्यापतोर येणार. लिवून ठेवतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाचला उठलो. कुशीवर केली. सातला केली. नवाला पेपर आलता. अकराला आठवण झाली पण डोळा लागल्याला तिचा. झोपल्याल्या माणसाला उठवायचं ह्यो कुठला न्याय? एकला मी जेवत हुतो. तीनला मी झोपलोतो. पाचला केली.

म्हंजे तीन येळा. बाकीच्या येळा तिच्या भल्यासाठीच सोडल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अनुजानं एअर बेड धाडला. गादीत हवा भरायची मशीन हाय, दिवसभर भुर्रर्र, डबक्यात म्हस बसल्यागत. रेडिओवरच्या बातम्या ऐकू येईनात. काढला. घडी घालून माळ्यावर. तानीला खाटंवर घोंगडं घातलं. घोंगड्यावर निजून पैलवान तयार झाल्यात माझ्या डोळ्यादेखत. त्यास्नी कुटं हवा भरली?

शेजारची खैरुनबी आलती. तानीची तीस वर्साची मैत्रीण. रोज येती, तोंड पुसती, येणी घालती, भात मऊ करून भरवती, अर्धा अर्धा तास. मी म्हटलं, खैरुनबी, एवढी लाडावू नगं, हातपाय हालवायची न्हाय मग. ती म्हणली, बाळूदादा, तुमी तर दोनी हातपाय धड असून काय हालीवताय? तोंडाळ बाई. तानी गालातल्या गालात हसली. अर्ध्याच गालात, पण हसली. माझ्यामुळं घरात करमणूक हाय.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८

कोडोलीकडं कुस्त्यांचं मैदान हुतं. वस्ताद म्हणला, तासाभरात येऊ. निकाली कुस्ती पावणेसहाला लागली त्याला मी काय करू?

जाताना दाराला कुलूप लावलं. चोराचिलटाचं दिवस. खैरुनबीला चावी द्यायची राहिली.

आलो तर खैरुनबी घराभाईर स्टूल टाकून बसल्याली, खिडकीच्या गजातनं हात आत घालून. तानीचा हात धरल्याला. दहा वाजल्यापास्नं तशीच म्हणं, मधी नमाजाला उठली तेवढीच. मला बघून जी सुटली. कुलूप लावून गेलासा व्हय दादा? म्हसराला बांधलं तरी म्होरं पाण्याची बादली ठेवत्यात! सगळी गल्ली दारात. मी म्हटलं, हळू बोल, पेशंट हाय आत.

तानी ओली हुती. जरा जास्तच. पण दवाखान्याचं आणि ह्ये येगळं. दवाखान्यात त्यांची ड्यूटी हुती. हितं मी आपल्या मायेनं करतोय. मायेला टायमिंग नसतंय.

आणि तिनं एक हाक तरी मारायची.

(हाक मारता येत न्हाय ह्ये ध्यानात हाय. पण प्रयत्न दिसाय पायजे.)

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं लढवलं. जुन्या सायकलची घंटी काढून खाटंच्या दांडीला आवळली, डाव्या हाताशी. काय लागलं की वाजवायची. दवाखान्याला जी बुद्धी सुचली न्हाय ती बाळासोला सुचली. हितं घंटी वाजली की माणूस हजर.

संध्याकाळी ५: सकाळपास्नं सतरा येळा वाजली. सतराबी येळा गेलो. येकदा माशी. येकदा पाणी. येकदा नुसतीच माझ्याकडं बघत बसली आणि पाठीकडं बोट. पाठीला काय झालंय? पाठ हाय तितंच हाय.

अठराव्या येळंला पाना आणून घंटी काढली. दवाखान्यात सतरा येळा कोण गेलं असतं? एकबी न्हाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आनंदाची बातमी. अंग पुसताना बघितलं, माकडहाडापाशी लाल झालंय. तळहाताएवढं. मालीशीत लाल होणं म्हंजे रगात खेळाय लागलं. पोरं लाल व्हायची तवा वस्ताद म्हणायचा, आता माल पिकला. तानीचं रगात जागं झालं.

तालमीचं खास तेल काढलं, तिळाचं, कापूर घातल्यालं. अर्धा तास दाबून चोळलं. तळव्याच्या टाचंनं, गोल गोल. आणि काय सांगू, तानीच्या तोंडातनं आवाज निघाला! लांब. खणखणीत. गेल्या तीन आठवड्यात असला आवाज काढला न्हवता. वाचा येतीया. दोन टाईम मालीश करायची ठरवली.

कपाटावरचा कागद काढला. त्यात लिवलंय लाल झालं तर चोळू नका. म्हंजे पेशंट बरा व्हायला लागला की थांबा. मग दवाखाना चालायचा कसा त्यांचा!

१७ फेब्रुवारी, सोमवार

ओल्या चादरीवर उपाय सापडला. पाणी कमी केलं. आत कमी तर भाईर कमी. दिवसाला दोन वाट्या. कालपास्नं फक्त दोनदा ओली. डॉक्टर लोकास्नी एवढी साधी गोष्ट सुचत न्हाय, शिकल्याली असत्यात म्हणून.

खैरुनबी चोरून पाणी पाजती. पदराखाली तांब्या आणती. मी बघितलं. मी म्हटलं, तुझ्या तांब्यापायी माझी चादर जाती. ती म्हणली, चादर द्या, मी धुते, जीव तेवढा ऱ्हाऊ दे तिचा. लई नाटकी.

तानीचं ओठ फुटल्यात. थंडी हाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याचं पत्र आलं! तक्रारीची सुनावणी बारा मार्चला, सकाळी अकरा. वस्ताद म्हणला त्याच्या वळखीचा वॉर्डबॉय हाय, त्यो सांगत हुता, त्या सिस्टरला वॉर्डातनं काढून स्टोरमधी चादरी मोजाय बसवलीया, सुनावणी हुईपतोर.

तानीला ही बातमी सांगितली. वाटलं खूश हुईल. डोळं मिटून घेतलं. डोळ्यातनं पाणी आलं. दोन वाट्यात एवढं पाणी येतंय कुठनं?

मालीश चालू हाय. लाल हुतं ते आता जांभळं. रगात दाट झालं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज जी मजा झाली.

दुपारी दार वाजलं. संयोगिता सिस्टर. साध्या ड्रेसमधी. पायताण उंबऱ्याभाईर काढलं. म्हटलं, आली वाटंवर. चा इचारला. नगं म्हणली. आजी कश्या हायत, खात्यात काय, पाठ कशी हाय, किती येळा कूस बदलताय. अर्ज मी टाकल्याला आणि उलटतपासणी माझीच! बोलता बोलता तिनं नाक वर केलं, मांजरागत. चेहरा बदलला. म्हणली, आजोबा, मला पाठ बघू द्या. दोन मिंटं.

मी म्हटलं, आधी माफी.

मागते, म्हणली. हात जोडलं. आता बघू द्या.

मी म्हटलं, तोंडी न्हाय. लिवून.

ह्याच वहीचं पान फाडून दिलं. तिनं उभ्या उभ्या भिंतीला धरून लिवलं. अठ्ठावीस जानेवारीला तानाबाई ह्या माझ्या पेशंट चार तास ओल्या राहिल्या, त्याला मी जबाबदार आहे. तारीख, सही. अक्षर झ्याक. हात जरासुदिक थरथरला न्हाय, ह्ये तेवढं खटकलं. कागद माझ्या हातात दिला आणि आतल्या खोलीकडं वळली.

मी आडवा आलो. आता झोपलीया ती. उद्या या.

आतनं दांडी वाजाय लागली. ठण ठण ठण. सिस्टर म्हणली, जाग्या हायत की ओ. मी म्हटलं, झोपंतबी वाजवती, सवय हाय. आजोबा, मी पाया पडते तुमच्या. मी म्हटलं, पाया पडायचंबी लिवून आणा. आणि दार लावलं.

बराच येळ उंबऱ्यापाशी उभी हुती. दांडी बी वाजत हुती. मग दोनी थांबलं.

कागद अर्जाला टाचला. आता केस पक्की.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सिस्टर परत आलती म्हणं. मी तालमीत हुतो, कुलूप हुतं. खिडकीतनं आत बघत हुती, फोनवर बोलत हुती, खैरुनबीनं सांगितलं. म्हणून खिडकी बंद केली आणि आतनं खिळा मारला. वाऱ्यानं अंग धरतं तानीचं.

सांजच्याला अनुजाचा फोन. सिस्टरनं कळवलंय, आईची पाठ बघा म्हणून. मी म्हटलं, ती बाई नोकरी वाचवाय काय बी सांगंल. आईला फोन दे म्हणली. तानीच्या कानाला लावला. तानीनं नुसतं हुं हुं केलं. माझ्याकडं बघत. अनुजा रडली. आनंदानं असणार. म्हणली, गाडी चालू हाय आबा, पंध्रा तारखेला फड संपला की येतेच. मी म्हटलं, सावकाश ये. सगळं येवस्थित हाय.

१ मार्च, शनिवार

कातडं फुटलं. बरं झालं, आतला खराब भाग भाईर पडाय पायजे. हळद दाबून भरली. तानी लई ओरडली. वाचा आता अगदी तोंडावर आलीया.

वास हाय जरा. दोन उदबत्त्या लावतो. खैरुनबी नाकाला पदर न लावता आत बसती, म्हंजे काय एवढा न्हाय. तिनं पाठ बघितली आणि भाईर आली. म्हणली, दादा, दवाखान्यात न्ह्या, आत्ता, माझी शपथ हाय तुमास्नी. मी म्हटलं, दवाखान्यातनंच हे लागलंय. ती म्हणली, घरला आली तवा मी न्हाऊ घातलंय तिला, पाठ काचंगत हुती. तू काय डॉक्टर हायस व्हय, मी इचारलं.

तिला सांगितलं, चार दिस येऊ नगं.

५ मार्च, बुधवार

पाडवा जरा लवकर येतोय औंदा. अक्षयतृतीयेपतोर चालवतो तानीला. घाई कशाला. पाडव्याला नुसती बसवतो.

उपाशीच ऱ्हाती. भरवलं तर तोंड बंद. मी अर्धी भाकरी दुधात कुस्करून तिथंच ठेवली, भूक लागली की खाईल. मुंग्या लागल्या. आता मुंग्यांनाबी मीच जबाबदार!

८ मार्च, शनिवार. सकाळी

झोप लागली न्हाय. अंगात ताप हाय तिच्या. पण मला भारी इचार सुचला. अर्जात नुसतं ओलं ओलं लिवलंय. ओलं वाळतंय. पुरावा काय? पुरावा तानीच्या पाठीवर हाय. दवाखान्यात चार तास ओली पडली, तितनंच ही जखम सुरू झाली. सरळ हाय. बारा तारखेला तानीलाच घेऊन जातो. सगळ्यांच्या म्होरं कापड उचलतो. बोला म्हणतो आता.

वस्ताद म्हणला, आजच न्हे गा, ताप हाय तर. मी म्हटलं, सुनावणी बाराला हाय. आज जाऊन काय करू? चार दिस कळ काढायची. कुस्तीत बी येळ साधावी लागती.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी

लिवावं का नगं कळंना. लिवतो.

टेम्पोतनं नेली. खैरुनबी न बोलवता चढली, डोकं मांडीवर घेतलं. ड्रायव्हरला प्रत्येक खड्ड्याला शिव्या घालत हुती, ह्या वयात.

सुनावणीच्या खोलीत मोठे डॉक्टर, मेट्रन बाई, ऑफिसचा एक माणूस. कोपऱ्यात संयोगिता सिस्टर. तानीला स्ट्रेचरवर भाईर व्हरांड्यात ठेवलं. मी उभा राहून अर्ज वाचला. म्हसराची ओळ दोनदा वाचली. सगळी खाली मान घालून बसल्याली. सिस्टरला इचारलं, हे खरं का? हो, म्हणली. अगदी खरं. मेट्रन बाई म्हणली, हिनं त्याच दिवशी रजिस्टरला स्वतः लिवलंय हे, तुमचा अर्ज नंतर आला. मी म्हटलं, रजिस्टर ऱ्हाऊ द्या. पुरावा बघा. स्ट्रेचर आत घ्याय लावलं. कापड उचललं.

ऑफिसचा माणूस उठून भाईर गेला.

मी म्हटलं, बघा तुमच्या दवाखान्याचं काम.

डॉक्टरनं एक कागद काढला. दोन फेब्रुवारीचा. पाठ तपासली, त्वचा स्वच्छ, कुठेही लाली नाही. खाली माझी सही. चष्मा न्हवता तवाची.

मग इचारलं, लाल कधी दिसलं? काय केलं? मी सगळं सांगितलं. सांगताना जरा जोर आला मला. दोन टाईम, अर्धा अर्धा तास, टाचंनं दाबून, कापराचं तेल, वर हळद. डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणला, आजोबा, आत मांस मरत होतं आणि तुम्ही ते रोज तासभर चोळत होता. हाड दिसतंय बघा. बघा की, इकडं या.

मी लांबनंच बघितलं. डॉक्टर लोक वाढवून सांगत्यात.

एवढ्यात सिस्टर उठली. तिचीच सुनावणी चाललीया, पण कुणाला इचारलं न्हाय. हातमोजं घातलं, ट्रॉली आणली, खाली गुडघ्यावर बसली. आजी, मी हाय. वळवते हं. धरा मला. तानीनं डाव्या हातानं तिची बाही धरली. आणि बोलली. घरला नगं. असं. दोन शब्द. स्वच्छ.

सगळ्यात आधी मीच वरडलो. बोलली! बघा, बोलली! मालीशीचा गुण हाय ह्यो!

कुणी माझ्याकडं बघितलं न्हाय. खैरुनबी तेवढी म्हणली, दादा, महिना झाला ती बोलतीया. खिडकीतनं बोलायची माझ्यासंगं. पाणी म्हणायची, अनुजा म्हणायची. मी इचारलं, मग माझ्यासंगं का न्हाय? तिलाच इचारा, म्हणली.

इचारणार हुतो. पण तवर तिला आत नेली.

१४ मार्च, शुक्रवार

निकाल आला. सिस्टरला लेखी समज, चार तासाबद्दल. म्हंजे मी जिकलो. कागदावर शिक्का हाय. त्याच कागदात खाली लिवलंय, सदर सिस्टरला वॉर्डात परत रुजू करण्यात येत आहे. त्ये लहान अक्षरात हाय.

अनुजा फड सोडून आली. माझ्यासंगं बोलली न्हाय. फॉर्मवर जबाबदार नातेवाईक म्हणून माझं नाव हुतं, त्याच्यावर आडवी रेघ मारून आपलं घातलं. दोनदा रेघ मारली. एकदा मारली तरी दिसत हुतं. मग म्हणली, जखम भराय चार म्हैनं लागतील, भरली तर. भरली की आईला शिरोळला न्हेणार. मी म्हटलं, बरं, मीबी येतो. म्हणली, आबा, तुमी यायचं न्हाय.

राग हाय. दोन दिसात उतरंल. माझ्यावर गेलीया.

१९ मार्च, बुधवार

भेटायची येळ चार ते पाच. तेलाची बाटली न्हेलती, दारातच काढून घेतली.

तानी खाटंवर उताणी न्हवती, माझ्याकडं तोंड करून कुशीवर. एअर बेडची भुर्रर्र चालल्याली. ओठ बरं झाल्यात. स्टूल घेऊन बसलो. म्हटलं, तानी, आपण केस जिकली. शिक्क्याचा कागद दावला. म्हटलं, खिडकीचा खिळा काढलाय. म्हटलं, पाणी पायजे तेवढं देईन. म्हटलं, मी काय वाईटावर हुतो व्हय तुझ्या? सगळं तुझ्यापायीच केलं. काय तरी बोल की. खैरुनबीसंगं बोलतीस.

माझ्याकडं बघितलं तिनं. लई येळ.

मग डावा हात उचलला. मला वाटलं माझ्याकडं येतोय. हात अंगावरनं पलीकडं गेला, पलीकडची दांडी धरली, आणि जोर लावला. दात आवळल्यालं. कपाळावर घाम. थोडी हालली. परत लावला. आणि वळली. आपली आपण. कुणी हात न लावता.

सिस्टर पळत आली. आजी! एकट्या वळलासा! भारी ओ आजी! सगळा वॉर्ड बघाय लागला. शेजारच्या खाटंवरच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. म्हटलं, बघा, कोण म्हणत हुतं जमायचं न्हाय.

मग टाळ्या थांबल्या. माझ्या म्होरं तिची पाठ हुती, पांढऱ्या पट्टीची.

उठलो. तोंड बघाय पलीकडं जावं म्हटलं. त्या बाजूला खाट भिंतीला लागून हाय. उभं ऱ्हायाला जागा न्हाय.